मेळाव्याआधीचे काम : माहितीशास्त्राच्या इतिहासातील काही सभा

आमच्या एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने ग्रामीण कथेतील पावसाच्या वर्णनांवर लघुप्रबंध करायला घेतला होता. निवडलेल्या कथा तिने मोठ्या कष्टाने संगणकावर टंकून घेतल्या, 'पाऊस' हा शब्द शोधायला टाकला आणि सापडलेल्या जागांचा तक्ता आमच्यापुढे ठेवला. आकडे फारच लहान होते. ज्या कथेत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाऊस कोसळतो, तिच्यापुढे तर शून्य. तिचा निष्कर्षही तयार होता : लेखक पावसाचे नाव न घेता पाऊस उभा करतो! निष्कर्ष आकर्षक होता, आम्हीही क्षणभर भुललो. मग पुस्तक उघडले. पानोपानी 'पावसाने', 'पावसात', 'पावसाच्या', 'पावसापाण्याचे'. पाऊस होता, तो सामान्यरूपात होता. आपण शाळेपासून शिकवत आलेली गोष्ट यंत्राला ठाऊक नव्हती, एवढाच त्या शून्याचा अर्थ.

मराठी शब्द यंत्राने कसा शोधावा ह्याचा विचार कोणीतरी केलाच असणार, म्हणून आम्ही मागोवा घेऊ लागलो. हाती आलेल्या कामांपैकी सर्वांत नेटके काम स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातले निघाले. ल्यिल्याना डोलामिक आणि जाक सावॉय ह्या दोघांनी हिंदी, मराठी आणि बंगाली ह्या भाषांत शोध कसा घ्यावा ह्याची तुलनात्मक तपासणी केली आणि ती २०१०मध्ये प्रसिद्ध केली. न्यूशातेलच्या तळ्याकाठी बसून कोणी मराठी प्रत्यय सोडवीत होते, ह्याचे कौतुक वाटले. थोडा विषादही वाटला. पण आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. ती तपासणी ज्या मराठी मजकुरावर झाली, तो मजकूर कोलकात्याच्या २००८मधील एका मेळाव्यासाठी सिद्ध करण्यात आला होता. एखाद्या मेळाव्यातून अशी वस्तू मागे उरते, की पुढे कोठल्याही देशातल्या अभ्यासकाने ती घेऊन काम करावे, हे आम्हांला नवे होते. कारण मेळावे आम्हीही पुष्कळ पाहिले आहेत.

महाविद्यालयीन अध्यापकाला उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग ह्यांची ओळख करून द्यायला नको. १९८६च्या शैक्षणिक धोरणामागोमाग विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. पुढे त्यांचे नामांतर होऊन ती मनुष्यबळ विकास केंद्रे झाली, आणि आता मालवीय मिशनच्या नावाने हाच उपक्रम चालू आहे. मूळ हेतूबद्दल आमची तक्रार नाही. शिकवणाऱ्याने अधूनमधून शिकायला बसावे, ह्यात गैर काय? परंतु पदोन्नती आणि प्रमाणपत्र ह्यांची गाठ पडली की हेतू मागे राहतो. आम्ही ज्या एका वर्गाला बसलो, तिथे तीन आठवड्यांत रोज चार व्याख्याने ऐकली, शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येकाने दहा मिनिटांत आपापला निबंध वाचला आणि तो ऐकणारे आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्या वर्गात आम्हांला चांगले मित्र मिळाले, जेवण उत्तम होते. वर्ग संपला त्या दिवशी जे आमच्या हाती होते, ते वर्ग सुरू झाला त्या दिवशीही होतेच. भर पडली ती एका कागदाची. असो.

ह्या पार्श्वभूमीवर माहितीशास्त्राच्या सभांचा इतिहास वाचताना आमच्या मनात एकच प्रश्न होता : सभेला येणारा येताना काय घेऊन येतो?

आपल्याकडची सुरुवात बडोद्याची. सयाजीराव गायकवाड १९०६मध्ये अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१०मध्ये विल्यम अॅलन्सन बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बोर्डन ह्यांनी १९११मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू केला. भारतातला हा पहिला असा वर्ग मानला जातो. पाठोपाठ १९१२मध्ये इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांतून एक ग्रंथालयविषयक नियतकालिकही तिथून निघू लागले. बोर्डन १९१३मध्ये परतले, पुढे ज. स. कुडाळकरांनी ते काम सांभाळले आणि १९१९मध्ये त्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली. बडोद्याचा वर्ग हा शब्दशः वर्ग होता. गुरूजवळ विद्या होती, शिष्य रिकाम्या हातांनी येत आणि ग्रंथांची मांडणी, नोंदणी, देवघेव शिकून आपापल्या गावच्या ग्रंथालयात परतत. त्या काळी तेच आवश्यक होते.

योगायोग असा की ह्याच १९११ साली मोरो केशव दामले ह्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले. एकीकडे ग्रंथ शोधण्याची विद्या आपल्या प्रदेशात पाऊल टाकत होती, दुसरीकडे शब्द रूपे कशी पालटतो ह्याचा बृहद् आराखडा तयार होत होता. दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंका त्या वेळी कोणाला येण्याचे कारण नव्हते. तो संबंध उघड व्हायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

पुढची गोष्ट मद्रासची. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, शिक्षणासाठी लंडनला गेले आणि तिथल्या एका दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहून त्यांना आपल्या वर्गीकरणपद्धतीची किल्ली सापडली, ही कथा त्या क्षेत्रात सर्वांना पाठ आहे. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९२८च्या डिसेंबरातली चिदंबरमची हकीकत. ग्रंथालयशास्त्राचे त्यांचे पाच नियम त्यांनी जाहीरपणे पहिल्यांदा मांडले ते तिथल्या प्रांतिक शिक्षण परिषदेत. म्हणजे ग्रंथपालांपुढे नव्हे, तर शिक्षकांपुढे! 'ग्रंथ वापरासाठी आहेत' हा पहिला नियम पहिल्यांदा ऐकला तो आमच्या जातकुळीच्या लोकांनी. त्या नियमाची जन्मकथाही गमतीची आहे. रंगनाथन विचार करकरून थकले असताना त्यांचे गणिताचे जुने गुरू एडवर्ड रॉस आले आणि त्यांनी सहज बोलता बोलता तो नियम सांगून टाकला. १९२९मध्ये मद्रास ग्रंथालय संघाचा प्रशिक्षणवर्ग सुरू झाला, १९३१मध्ये तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला आणि त्याच वर्षी पाच नियमांचे पुस्तकही आले. परिषद, वर्ग आणि ग्रंथ अशी ही साखळी अवघ्या तीन वर्षांची आहे.

रंगनाथनांच्या कोलन वर्गीकरणाचा (१९३३) तांत्रिक तपशील इथे देण्याचे कारण नाही. परंतु त्यातली मूळ कल्पना मराठीच्या अध्यापकाला परकी वाटू नये. विषय ही एक बंद पेटी नाही, तो घटकांच्या जोडणीने बनतो. वस्तू कोणती, ती कशाची, तिच्यावर क्रिया काय घडली, कुठे, केव्हा. हे घटक वेगवेगळे ओळखायचे आणि विरामचिन्हांनी जोडायचे. 'महाराष्ट्रातील कापसावरील किडीचा विसाव्या शतकातील बंदोबस्त' हा विषय कोणत्याही कप्प्यात आधीपासून तयार असावा लागत नाही. तो जुळवता येतो. हे वाचताना आम्हांला कारकविचाराची आठवण झाली. कर्ता, कर्म, करण, अधिकरण ही क्रियेभोवतीची नाती. भाषा ती प्रत्ययांनी दाखवते, रंगनाथन ती चिन्हांनी दाखवतात. हे साम्य आमच्या नजरेचे आहे, त्याला प्रभाव म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. पण पुढे ते कामी येणार आहे.

दिल्लीत असताना, १९५१मध्ये, रंगनाथनांनी एक ग्रंथालय संशोधन मंडळ जमवले. घरी मोजकी माणसे येत आणि एखाद्या प्रश्नाची उकल करीत बसत. १९६२मध्ये बंगळूर येथे प्रलेखन संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि १९६३पासून तिथे वार्षिक चर्चासत्रे भरू लागली. हे केंद्र कोणाच्या छत्राखाली? प्रशांतचंद्र महालनोबिस ह्यांनी कोलकात्यात उभारलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या. वाचकांनी ह्या संस्थेचे नाव ध्यानात ठेवावे. केंद्राच्या नावात संशोधन आधी आणि प्रशिक्षण नंतर आहे, हेही नजरेआड करू नये. बडोद्याच्या वर्गात विद्या तयार होती आणि ती द्यायची होती. बंगळूरच्या केंद्रात विद्या अजून घडायची होती आणि शिकणाऱ्याला तिच्या घडणीत हात लावायचा होता.

हेच स्थित्यंतर त्या सुमारास सागरापलीकडेही चालले होते. युद्धानंतर वैज्ञानिक निबंधांचा असा पूर आला की ते शोधणे हाच एक विज्ञानाचा प्रश्न होऊन बसला. १९४८मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने वैज्ञानिक माहितीवर परिषद भरवली. जे. डी. बर्नाल ह्या स्फटिकशास्त्रज्ञाने निबंधांचे वितरण मध्यवर्ती केंद्रांतून व्हावे अशी धाडसी सूचना पुढे आणली होती. तिला इतका विरोध झाला की ती मागे घ्यावी लागली. पण त्या परिषदेच्या मंथनातूनच १९५२मध्ये लंडनमध्ये वर्गीकरण संशोधन गट जमला. ब्रायन विकरी, डी. जे. फॉस्केट, जॅक मिल्स ही त्यातली काही मंडळी. कामावरचे लोक होते हे; आपापल्या ग्रंथालयातल्या अडचणी घेऊन येत. १९५५मध्ये त्यांनी रंगनाथनांच्या घटकपद्धतीचा जाहीर पुरस्कार केला आणि १९५७च्या मे महिन्यात डॉर्किंग ह्या इंग्लिश गावी जी छोटेखानी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला स्वतः रंगनाथनही होते. मद्रासची कल्पना युरोपात रुजली ती अशा लहान बैठकांतून.

मोठ्या परिषदांनीही ह्या काळात एक चांगला धडा घालून दिला. १९५८च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनला वैज्ञानिक माहितीची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्यासाठी पंचाहत्तर निबंध आधीच छापून सदस्यांकडे धाडण्यात आले होते. सभागृहात निबंधवाचन नव्हते. निबंध वाचलेले आहेत असे धरून थेट चर्चा. आपल्याकडील चर्चासत्रांत 'वेळेअभावी थोडक्यात सांगतो' हे वाक्य ज्यांनी शंभरदा ऐकले आहे, त्यांना ह्या व्यवस्थेचे मोल सांगायला नको. पुढे १९६१च्या ऑक्टोबरात आणि १९६२च्या एप्रिलमध्ये अटलांटाच्या जॉर्जिया तंत्रसंस्थेत दोन बैठका झाल्या. विषय होता वैज्ञानिक माहितीच्या तज्ज्ञांना शिकवावे कसे. माहितीशास्त्राची पुढे दीर्घकाळ वापरली गेलेली व्याख्या ह्या बैठकांत घडली. माहितीचे गुणधर्म आणि वर्तन, तिच्या प्रवाहामागच्या शक्ती, ती हाती लागावी म्हणून करायचे संस्कार, असा तिचा आशय. शास्त्र आधी सिद्ध झाले आणि मग त्याचा अभ्यासक्रम बेतला गेला, असे झालेले नाही. शिकवायचे काय, ह्या अडचणीतून शास्त्राला आपली हद्द आखावी लागली. आमच्या विद्याशाखेतही असे कधी घडेल काय, हा विचार मनात येऊन गेला.

आतापर्यंतच्या सर्व सभांत मात्र एक उणीव होती. माझी पद्धत तुझ्याहून चांगली, असे प्रत्येक जण म्हणे. ते ठरवायचे कसे, हे कोणी सांगत नसे. साहित्यसमीक्षेतील वादांची सवय असलेल्यांना ही अवस्था परिचित असेल. ती मोडून काढली इंग्लंडमधील क्रॅनफील्डच्या विमानविद्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालाने. सिरिल क्लेव्हरडन त्यांचे नाव. त्यांनी अठरा हजार लेख घेतले, चार निरनिराळ्या पद्धतींनी त्यांची सूची करविली आणि तेच प्रश्न चारही सूचींना विचारले. १९६२मध्ये निकाल आला. सुट्या शब्दांची साधी सूची पहिली, सुमारे ८२ टक्के यशाची. विद्वानांनी जिचा पुरस्कार केला होता ती घटकपद्धती शेवटची, सुमारे ७४ टक्क्यांवर. एवढा गदारोळ झाला म्हणता! प्रयोगाच्या मांडणीवर रास्त आक्षेपही घेतले गेले. क्लेव्हरडन ह्यांनी ते मनावर घेऊन दुसरा, अधिक काटेकोर प्रयोग केला, तो १९६६पर्यंत चालला. निकालाचा कल पुन्हा तोच : मजकुरातलेच साधे शब्द चांगले चालतात. बुद्धीने रचलेली सुंदर व्यवस्था एका कोरड्या मोजणीपुढे हरली, ह्याचे दुःख आम्हांला आजही समजते.

ह्यानंतर मुंबईची एक नोंद केली पाहिजे. डॉर्किंगच्या परिषदेची दुसरी आवृत्ती डेन्मार्कमध्ये एल्सिनोर येथे १९६४मध्ये झाली आणि तिसरी १९७५च्या जानेवारीत मुंबईला. रंगनाथन १९७२मध्ये निवर्तले होते. त्यांच्या अनुपस्थितीत त्यांच्या भूमीवर त्यांच्या शास्त्राचा हा मेळा भरला. विषय होता जागतिक माहितीजाळ्यांसाठी क्रमव्यवस्था. वृत्तांत ग्रंथरूपाने आला तो १९७९मध्ये, बंगळूरहून, नीलमेघन ह्यांच्या संपादनाखाली. १९७५ साली मुंबईत मराठी साहित्याच्या वर्तुळात किती वादळे चालू होती, हे आपण जाणतो. त्या वादळांत ही सभा कोणाच्या कानावर गेली असेल असे वाटत नाही. आमच्या तरी वाचनात तिचा उल्लेख कधी आला नव्हता.

मुंबईच्या परिषदेत जग वर्गीकरणाची भाषा बोलत असताना, त्याच १९७५ साली केंब्रिजमध्ये कॅरन स्पार्क जोन्स आणि कीथ व्हान रेइसबेर्खन ह्यांनी क्रॅनफील्डचा धागा पुढे नेला. प्रत्येकाने आपापला लहान संग्रह तपासण्याऐवजी सर्वांसाठी एक मोठा संग्रह हवा, असे त्यांचे म्हणणे. पण लाखो लेखांतला प्रत्येक लेख माणसाने वाचावा कसा? त्यांचा तोडगा असा : निरनिराळ्या पद्धतींनी वर काढलेले लेख एकत्र ढिगात घालायचे आणि तेवढेच वाचायचे. कल्पना कागदावर राहिली. ती प्रत्यक्षात उतरली १९९२च्या नोव्हेंबरात, वॉशिंग्टनजवळच्या गेथर्सबर्ग येथे, डॉना हार्मन ह्यांच्या पुढाकाराने. 'ट्रेक' ह्या संक्षिप्त नावाने ती परिषद ओळखली जाते. पहिल्या वर्षी पंचवीस गट होते. सर्वांना तोच मजकूर, तेच प्रश्न, तीच मुदत. उत्तरे आधी पाठवायची, माणसांनी ती तपासायची आणि मग सर्वांनी एकत्र बसायचे. आणि नियम असा, की ज्याने काम करून उत्तरे पाठवली त्यालाच त्या बैठकीचे दार उघडे. नुसते ऐकायला यायचे नाही! ह्या एका नियमाने, आमच्या मते, सभेची जातच बदलली. शिवाय आपल्या निकालाची जाहिरात करायची नाही, हेही सहभागी गटांकडून कबूल करून घेतले जाई. स्पर्धेचा आकार, पण हेतू एकमेकांच्या चुका पाहून शिकण्याचा.

जपानने १९९९मध्ये आणि युरोपने २००० साली आपापल्या भाषांसाठी असे मेळावे सुरू केले. भारतीय भाषांची पाळी २००८च्या डिसेंबरात आली. 'फायर' ह्या नावाचा हा पहिला मेळावा भरला कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेत. रंगनाथनांच्या बंगळूरच्या केंद्राला जिने छत्र दिले, त्याच संस्थेत. मंदार मित्र आणि प्रसेनजित मजुमदार हे त्यामागचे प्रमुख अभ्यासक. मराठीसाठी 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'सकाळ' ह्यांतील २००४ ते २००७ ह्या काळातला मजकूर घेण्यात आला : ९९,२७५ लेख. त्यांच्यासाठी पन्नास प्रश्न, आणि कोणत्या प्रश्नाला कोणता लेख लागू पडतो हे माणसांनी वाचून दिलेले कौल. आमच्या विद्यार्थिनीच्या शून्याचा उगम शोधताना आम्ही पोचलो ते इथे. २०११च्या डिसेंबरात हाच मेळावा पवईला, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत भरला. त्या वर्षी आम्ही एका राज्यस्तरीय चर्चासत्राच्या निबंधांची जुळवाजुळव करीत होतो. पवई आमच्या गावाहून रात्रभराच्या प्रवासावर आहे. आम्ही तिथे नव्हतो, आणि असे काही चालले आहे हेही आम्हांला माहीत नव्हते.

ह्या मजकुरावर न्यूशातेलच्या दोघांनी जे पाहिले, ते व्याकरणाच्या शिक्षकाने मुळातून वाचावे असे आहे. शब्द जसाच्या तसा शोधणे आणि त्याचे प्रत्यय कापून शोधणे ह्यांत फरक किती पडतो, हे त्यांनी तिन्ही भाषांत मोजले. प्रत्यय सढळपणे कापले असता शोधाची गुणवत्ता बंगालीत सुमारे १८ टक्क्यांनी, हिंदीत सुमारे २८ टक्क्यांनी आणि मराठीत सुमारे ४२ टक्क्यांनी सुधारली. तिघींत सर्वाधिक मराठीत! कारण आपल्याला परके नाही. हिंदी 'बारिश में' असे तोडून लिहिते. मराठी विभक्तिप्रत्यय आणि बहुतेक शब्दयोगी अव्यये नामाला चिकटवते, आणि चिकटवण्याआधी नामाचे सामान्यरूप करते. दामल्यांनी ज्याची प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली, त्या गोष्टीची किंमत इथे आकड्यात सांगितली होती.

पण त्याच तपासणीत व्याकरणकारांच्या अभिमानाला टाचणी लावणारी दुसरी गोष्टही आहे. भाषेचे काहीही ज्ञान न वापरता प्रत्येक शब्दाची केवळ पहिली चार अक्षरे ठेवली आणि बाकी टाकून दिले, तरी निकाल प्रत्यय कापण्याच्या जवळपास बरोबरीचा येतो. आम्ही हा खेळ कागदावर करून पाहिला. वेलांटी-उकार वेगळे मोजले तर 'निवडणूक', 'निवडणुकीत', 'निवडणुकांमुळे' ही सारी रूपे 'निवड'पाशी येऊन थांबतात. छान. मग तिथे 'निवड' स्वतः येते, आणि मागोमाग 'निवडुंग'ही हजर होतो. उलट 'पाऊस' आणि 'पावसात' ह्यांची गाठ अशाने कधीच पडत नाही, कारण त्यांचा रस्ता पहिल्या चार चिन्हांतच फुटतो. वर्तमानपत्राच्या लाखभर लेखांत निवडुंग सहसा आड येत नसेल. कथेत, कवितेत येतो. सरासरीला जे चालते ते साहित्याला चालेलच असे नाही, आणि साहित्याचा मजकूर ह्या मेळाव्यांत फारसा आला नाही, हे आमचे गाऱ्हाणे आहे. ते कोणाविरुद्ध मांडावे हे मात्र उमगत नाही. तो मजकूर घेऊन कोणी जायला हवे होते?

इथे कारकांची आठवण पुन्हा येते. रंगनाथनांची सारी धडपड घटकांमधले नाते टिकवण्याची होती. शोधयंत्र नेमके उलट करते. नाते दाखवणारा प्रत्ययच ते आधी कापून टाकते. 'सासूने सुनेला' आणि 'सुनेने सासूला' ह्यांत यंत्राच्या लेखी दोनच शब्द उरतात, सासू आणि सून. शोधापुरते ते पुरते, हे क्रॅनफील्डने दाखवले. वाचनापुरते पुरत नाही, हे आपण रोज वर्गात दाखवतो. नव्या काळातील भाषाप्रतिमाने शब्दांना त्यांच्या शेजारासकट वाचतात, त्यामुळे हा कापाकापीचा काळ आता मागे पडत चालला आहे. पण त्या प्रतिमानांची परीक्षा घ्यायलाही प्रश्नांचे आणि मानवी कौलांचे संग्रह लागतातच. ते कौल कोणी द्यायचे, हा प्रश्न तसाच आहे.

कौलांविषयी एक शंका आम्हांला सुरुवातीपासून होती : एक माणूस लेख लागू म्हणेल, दुसरा म्हणणार नाही, मग मोजणीला अर्थ काय? ही शंका त्या लोकांनाही होती, आणि त्यांनी ती झाकून ठेवली नाही. ट्रेकच्या एलन व्हूरहीस ह्यांनी १९९८मध्ये तेच लेख निरनिराळ्या वाचकांकडून तपासून घेतले. वाचकांचे कौल पुष्कळ ठिकाणी जुळले नाहीत. तरीही कोणती पद्धत वरचढ हा क्रम जवळपास तोच राहिला. मतभेद गृहीत धरून, तो मोजून पुढे जाणारी ही शिस्त आम्हांला आवडली. आमच्या क्षेत्रात मतभेद पवित्र मानला जातो किंवा वैयक्तिक. तो मोजायचा असतो असे आम्हांला कोणत्याही उजळणी वर्गाने सांगितले नाही.

ह्या वाचनानंतर आम्ही आमच्या विभागापुरता एक लहानसा उद्योग केला. त्या विद्यार्थिनीच्या कथांतून चारशे शब्दरूपे काढली आणि वर्गातल्या अकरा जणांना वाटली. प्रत्येक रूप दोघांकडे, एकमेकांना न दाखवता. मूळ शब्द कोणता, एवढेच लिहायचे. मग एका शनिवारी दुपारी सगळे जमले. ज्यांचे तक्ते पुरे झाले होते त्यांनीच यायचे, असा नियम आम्ही उसना घेतला होता. नऊ जण आले. 'पावसा' बिनविरोध पाऊस ठरला. 'भावाने' ह्या रूपावर मात्र गाडी अडली : भाऊ, की भाव? बाजाराच्या दृश्यात कापसाच्या भावाने तोंडचे पाणी पळाले होते, आणि पुढच्याच परिच्छेदात भावाने वाटणी मागितली होती. मग 'वाटणी'वरून 'वाटले' निघाले, 'वाटले'वरून 'वाटेने'. 'नाही' हा शब्द शोधातून वगळावा की ठेवावा, ह्यावर दोन मुली इतक्या हमरीतुमरीवर आल्या की शिपायाने दार उघडून पाहिले. चारशेपैकी छत्तीस रूपांवर एकमत झाले नाही. ती छत्तीस आम्ही वेगळ्या कागदावर उतरवून ठेवली आहेत, दोन्ही उत्तरांसकट.